पंचवीस किलोच्या वरचं पोतं

एका रविवारी आमच्या बोळात चुरमुऱ्यांचं एक पोतं अडकलं होतं आणि त्याला माझी बी.कॉम.ची पदवी जबाबदार होती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ही पायरी मी आईच्या भडंगावर चढलो, हे आधीच सांगून टाकतो. आई पुढच्या खोलीत भडंग करते, पाकिटं भरते आणि विकते. माझी फी, माझी पुस्तकं, पदवीदान समारंभाला घातलेला तो कडक इस्त्रीचा शर्ट, सगळं त्याच कढईतून निघालं. त्यामुळे ज्या कागदावर आकडा किंवा सरकारी शिक्का असेल, तो कागद घरात थेट माझ्यापुढे येतो. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला नट-बोल्ट मोजतो. (आई गल्लीत सांगते, "सुन्या आमचा हिशोबातला सायेब हाय." मी कधी खोडून काढलेलं नाही.)

तर या हिशोबातल्या साहेबाला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एके दुपारी मोबाइलवर बातमी दिसली. पॅकबंद खाण्याच्या वस्तूंवर जीएसटी! पीठ, तांदूळ, दही, ताक, गूळ... आणि त्या रांगेत शेवटी, अंग चोरून उभे असल्यासारखे, चुरमुरे! माझ्या हातातला घास हातातच राहिला.

भीती कशाची, ते सांगतो. आईचं निम्म्याहून जास्त भडंग इचलकरंजीला मल्लूशेठच्या दुकानात जातं. यंत्रमागांच्या शेडमधले कामगार पाळी सुटली की चहाबरोबर दहाचं पाकीट फोडतात. तेल महागलं, शेंगदाणे महागले, लसूण तर सोनाराकडून आणावा असा झाला, तरी आईनं दहाचं पाकीट दहाचंच ठेवलं होतं, कारण मल्लूशेठनं फोनवर बजावलं होतं, "मावशी, दर वाढला तर माल पाठवू नगा. सुट्ट्या रुपायासाठी गिऱ्हाईक माझं डोस्कं खातंय." चुरमुरे महागले की दर वाढणार, दर वाढला की मल्लूशेठ जाणार, आणि मल्लूशेठ गेला की आईची कढई पालथी पडणार. नट-बोल्टवर घर चालेल, एवढे नट-बोल्ट जगात नाहीत.

घरी आलो तेव्हा आई शेंगदाणे भाजत होती.

"आई, चुरमुऱ्यावर टॅक्स बसलाय."

झारा थांबला. "कशावर?"

"चुरमुऱ्यावर."

"अरं त्यात हाय काय? नुस्ती हवा की ती! आता हवेवर बी टॅक्स लावला व्हय?"

माझे वडील, आप्पा, खाटेवर बसले होते. आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाच्या गाड्या मोजून मोजून त्यांना टनाखालचं वजन वजन वाटत नाही. पण त्यांचाही चेहरा उतरला. "दर वाढवावा लागंल," ते म्हणाले.

"न्हाय वाढवायचा," आई म्हणाली.

"मग पाकिटात मूठभर कमी भर."

"मूठ कमी करून खपवायचं असतं तर एवढी वर्षं हात कशाला भाजून घेतलं असतं?" आईनं झारा आपटला आणि माझ्याकडे बघितलं. "सुन्या, तू शिकलाईस. तू सांग."

ते दोन शब्द! "तू शिकलाईस" असं आई म्हणाली की मी पुन्हा परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन बसतो. मी घाईघाईनं मोबाइल काढला, तीच बातमी पुन्हा वाचली आणि मला एका ओळीत मोक्ष सापडला. पंचवीस किलोपेक्षा मोठ्या पॅकिंगला टॅक्स नाही!

"आई! पंचवीस किलोच्या वरचं पोतं घेतलं की टॅक्स लागत न्हाय!"

"बघा," आई आप्पांना म्हणाली, "ह्येला म्हणायचं शिक्षान."

आनंदाच्या भरात मी मोबाइल खिशात टाकला. बातमी त्या ओळीच्या खालीही होती. पण तहानलेला माणूस पाणी सापडल्यावर पुढे विहीर शोधत जात नाही, तसं माझं झालं.

रविवारी सकाळी मी आणि आप्पा ओळखीच्या एकाचा टेम्पो घेऊन हसनचाचांच्या भट्टीवर गेलो. चाचा आमच्या आजोबांच्या काळापासून चुरमुरे भाजतात. मी त्यांना म्हटलं, "चाचा, तीस किलो द्या. पण एका पोत्यात."

चाचा हसले. "अरं बाळा, माझं एक पोतं भरून भरून दहा किलो भरतंय. चुरमुरं हायती, सिमिट न्हाय."

"चाचा, तीन पोती घेतली तर टॅक्स लागतोय. एक घेतलं तर न्हाय. कायदाच तसा हाय."

'कायदा' शब्द ऐकल्यावर चाचांचं हसू मावळलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "म्हंजी मी आजवर बारकी पोती इकली, त्ये बेकायदा व्हय?"

"आजवर न्हाय. आता नियम बदललाय."

"कालच धा-बारा पोती इकली की रं मी!" चाचांनी गल्ल्यावर हात ठेवला. "धरून न्हेतील व्हय मला? या वयात?" आणि भट्टीवरच्या माणसाला ओरडले, "जाळ कमी कर! कमी कर म्हंतो न्हवं!" (धूर दिसला तर टॅक्सवाले येतील, अशी त्यांची समजूत झाली असावी. मीही थोडा वेळ धुराकडे बघत उभा राहिलो.)

माझी भीती मी अशी चाचांना वाटून दिली, तरी माझ्याकडची काही कमी झाली नाही.

आप्पांनी दाभण आणि सुतळी मागवली, तीन पोती उसवली आणि एकाला एक जोडून शिवायला बसले. तयार झालेल्या वस्तूला पोतं म्हणणं धाडसाचं होतं. चाचा म्हणाले, "ह्यात लगीन लावता येतंय." त्यात आम्ही चुरमुरे ओतले. ओतले, ओतले, ओतले. मग ते धूड काट्यावर चढवलं. ते दोन्ही बाजूंनी काट्याखाली लोंबू लागलं. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं चाचांनी.

"हात काढा!" आप्पा गरजले. काट्यापुढे उभे राहिले की आप्पांचा आवाज कारखान्यातला होतो. "हात लावून वजन करत्यात व्हय?"

आम्ही हात काढले. पोतं लोळलं आणि चाचांच्या अंगावर गेलं. चाचा त्याखाली दिसेनासे झाले, पण वजन काहीच नसल्यानं आतून शांतपणे म्हणाले, "लागलं न्हाय. पर अंधार हाय."

शेवटी वजन झालं आणि, शिवणीत जागा गेल्यामुळे, काटा बरोबर पंचवीसवर थांबला. मी ओरडलो, "चालणार न्हाय! पंचवीसच्या वर पाहिजे! पंचवीसला टॅक्स लागतोय!"

"मग दाबून भरा," आप्पा म्हणाले.

"दाबू नगा ओ!" चाचा कळवळले. "चुरा हुतोय त्येचा!"

म्हणजे चौथं पोतं उसवणं आलं. ते जोडल्यावर पोत्यानं म्हशीचा आकार घेतला. तीस किलो! आप्पांनी सुतळीची शेवटची गाठ मारली आणि मी चाचांकडून एका कागदावर 'चुरमुरे, ३० किलो, एकच पोते' असं लिहून घेतलं. चाचांनी 'एकच'खाली स्वतःहून दोन रेघा मारल्या. घाबरलेला माणूस फार काळजीपूर्वक लिहितो.

परतीचा रस्ता रंकाळ्याच्या कडेनं. तळ्यावरचा वारा पोत्यात शिरला आणि पोतं शिडासारखं फुगलं. मी मागे हौद्यात त्याला मिठी मारून बसलो होतो. दुचाकीवरचा एकजण शेजारून जाताना ओरडला, "ओ पावणं, गणपती एवढ्या लौकर आणला व्हय?" पुढच्या वळणावर एका म्हातारीनं खरोखर हात जोडले. मी घाबरून उलटा नमस्कार केला. चौकात पोलिसानं हात दाखवला तेव्हा मी खिशातला कागद बाहेर काढून डोक्यावर धरला. त्यानं आडवी येणारी एक बस जाऊ दिली आणि मग आम्हालाही जाऊ दिलं. कागद बघितलाच नाही. मला हे जास्त संशयास्पद वाटलं.

खरा प्रसंग घरी होता. आमचा बोळ असा की दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. आम्ही पोतं खांद्यावर घेऊन आत शिरलो, ओढलं, लोटलं, आणि ते आमच्या दारासमोर, आमची पायरी आणि समोरची भिंत यांच्यामध्ये गच्च बसलं. दारातून जाणं तर लांबच. पुढे जाईना, मागे येईना. पलीकडे आप्पा अडकले, अलीकडे मी.

शेजारच्या शिंदेकाकू बादली घेऊन आल्या. "ह्यो डोंगर कुणाचा?"

"सुन्याचा," आई दारातून म्हणाली.

"आन् मी जाऊ कुठनं?"

"काकू, जरा वरनं जावा की," आप्पा पलीकडून म्हणाले.

"वरनं! मी काय मांजार हाय?"

आईनं घरातून विळी आणली. "सर बाजूला. फोडते, आन् पाट्यापाट्यानं आत घेते."

"आई, न्हाय!" मी पोत्यासमोर हात पसरून उभा राहिलो. "फोडलंस की पंचवीसच्या खाली येतंय! मग टॅक्स लागतोय!"

"घरात आणल्यावर बी?"

या प्रश्नाचं उत्तर बातमीत नव्हतं. (म्हणजे मी वाचलेल्या भागात नव्हतं.) पण शिकलेल्या माणसानं गप्प बसणं बरं दिसत नाही. "घरात न्हाय आलं अजून. रस्त्यावर हाय," मी म्हणालो.

आई विळी हातात धरून विचार करत राहिली. तिला पटलं नव्हतं. पण ती मला घाबरली. माझी आई, जी गल्लीत कुणाला घाबरत नाही, ती माझ्या अर्धवट वाचलेल्या बातमीला घाबरली! तेव्हा मला ते समजलं नाही. तेव्हा मी आभाळाकडे बघत होतो, कारण पावसाची झड सुरू झाली होती.

जुलैच्या पावसात कोल्हापुरात भिंतीसुद्धा सादळतात, तर चुरमुऱ्यांची काय कथा! आम्ही धावपळ करून पोत्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकला, कडा विटांनी दाबल्या. पण पोतं मधे बसकं झालेलं, त्यामुळे वर पाण्याचं छान तळं साचलं. माझी बायको मनीषा खिडकीतून म्हणाली, "अहो, पाणी साचतंय बरं का."

"असू दे. आत जात न्हाय ते," मी म्हणालो.

आणि त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी रेनकोट घातलेला एक माणूस आला. हातात पॅड, पॅडला कागद, कानाला पेन. तो पोत्यापाशी थांबला, वाकून बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

मी खिशातला कागद चाचपला. टॅक्सवाले आले!

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

शिंदेकाकूंनी बादलीसकट माझ्याकडे बोट दाखवलं. आप्पा पलीकडे खाली बसले. बसताना त्यांचं डोकं दिसेनासं झालं, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

"साहेब," मी म्हणालो, आणि मला पुढचं सगळं एका दमात आलं, "एकच पोतं आहे, तीस किलो आहे, पंचवीसच्या वर आहे, कागद आहे, आम्ही फोडलेलं नाही, आईनं विळी आणली होती, पण मी फोडू दिलं नाही, ह्यात हसनचाचांचा काही दोष नाही!"

माणूस माझ्याकडे बघत राहिला. "ते वर किती आहे?"

"वर काही घेतलं नाही साहेब! तीसच!"

"अहो, वर! कागदावर!"

मला वाटलं, तो प्लॅस्टिकखाली दुसरं पोतं लपवलंय का, ते विचारतोय. माझा प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची ही एकच संधी होती. मी पुढे झालो, विटा लाथेनं उडवल्या आणि प्लॅस्टिक सर्रकन आपल्याकडे ओढलं. "बघा! एकच पोतं! शिवण आप्पांच्या हातची!"

तळं उलटलं. अख्खं तळं, आप्पांच्या हातच्या शिवणीतून, आवाज न करता आत गेलं.

तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "दादा, मी डेंग्यूच्या सर्व्हेला आलोय. साचलेलं पाणी ओता, एवढंच सांगणार होतो." त्यानं पोत्याकडे बघितलं, पॅडवर काहीतरी खोडलं आणि म्हणाला, "ओतलंच की तुम्ही."

आईनं मग कुणाला विचारलं नाही. विळी चालली. चर्रर्र! तीस किलो चुरमुरे बोळात, पायरीवर, शिंदेकाकूंच्या बादलीत आणि आप्पांच्या मांडीवर पसरले. वरचे कुरकुरीत होते, मधले मऊ आणि तळाचे भात झालेले. आम्ही परातींनी, पाट्यांनी, उशांच्या खोळींनी ते आत ओढू लागलो. शिंदेकाकूसुद्धा पदर खोचून लागल्या. शिव्या देत लागल्या, पण लागल्या.

तेवढ्यात मनीषा माझा मोबाइल घेऊन दारात आली. "अहो, तुम्ही ही बातमी पूर्ण वाचली होती?"

"का?"

"खाली लिहिलंय, सुट्ट्या मालाला टॅक्स नाही. पॅकबंद आणि लेबल असलेल्यालाच आहे." ती थांबली. "चाचांच्या पोत्यांवर लेबल कधी होतं?"

मी खाली बसून चुरमुरे वेचू लागलो. एकेक. मान वर करण्यापेक्षा ते सोपं होतं.

"म्हंजी," आई सावकाश म्हणाली, "दर खेपेसारखी तीन पोती आणली असती तर..."

"काही झालं नसतं," मी म्हणालो.

आईनं शेगडी पेटवली. सादळलेले चुरमुरे मंद आचेवर परतले की पुन्हा कुरकुरीत होतात, पण कढईत मावतात किती आणि आमच्याकडे होते किती! आमचं सिलिंडर संपलं. शिंदेकाकूंचं आणलं, तेही तळाला गेलं. भात झालेले चुरमुरे गल्लीतल्या गाईपुढे टाकले; तिनं थोडे खाल्ले आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवली. फोनवर चाचांना खरं सांगितलं, तेव्हा ते आनंदानं रडायच्या बेतात आले. "म्हंजी मला धरत न्हाईत? जाळ वाढवा रे!"

पण आमचा हिशोब चुकला तो चुकलाच. गॅस गेला होता, एक पोतंभर माल गेला होता, टेम्पोचं भाडं गेलं होतं. आईनं पाकिटं भरली, मूठ पहिल्याएवढीच ठेवली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या खेपेला दहाला परवडत न्हाय. मल्लूशेठला फोन लाव."

ज्या फोनच्या भीतीनं हे सगळं झालं, तो मीच लावून देत होतो. आईनं मोबाइल कानाला लावला. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहिलो. आवाज मोठा असल्यानं पलीकडचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"शेठ, ह्या खेपेला पाकीट बाराला."

पलीकडे मल्लूशेठ भडकला. "मावशी, तुमी बी? सकाळपासनं त्येच ऐकतोय! दहीवाला म्हंतोय टॅक्स, पीठवाला म्हंतोय टॅक्स! तुमाला बी टॅक्स लागला व्हय?"

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच विनवणी केली: हो म्हण. नुसतं हो म्हण. सरकारवर ढकल, सगळे ढकलतायत!

"न्हाय ओ शेठ," आई म्हणाली, "खोटं कशाला बोलू? टॅक्स न्हाय लागला. आमचं पोरगं शिकल्यालं हाय, त्येनं हिशोब केला."

मी डोळे मिटले. कढई पालथी पडलेली मला स्पष्ट दिसली.

मग फोनमधून एक लांब उसासा आला. "मावशी," मल्लूशेठचा आवाज एकदम मऊ झाला, "माझा थोरला बी इंजिनेर हाय. गेल्या महिन्यात दुकानातला फ्रीज त्येनं दुरुस्त केला. मला ठावं हाय, काय खर्च येतोय त्ये. पाठवा बाराला."

पुढच्या खेपेला पाकीट पुन्हा दहाचं झालं आणि मल्लूशेठ आजही माल घेतो. त्या वर्षी ज्यानं त्यानं महागाईचं खापर सरकारवर फोडलं. आमच्या भडंगाच्या दरवाढीत मात्र सरकारचा काडीचाही हात नव्हता. ती पूर्णपणे माझी वैयक्तिक कामगिरी होती!